पितळी बुडावरचे स्वीडिश ठसे

बोफोर्स म्हटले की आपल्याला १९८६ चा तोफांचा व्यवहार आणि कारगिल आठवते. भारताने घेतलेल्या त्या १५५ मिमी तोफेला पितळी पुंगळी लागतच नाही; तिची दारू पिशव्यांतून भरतात. पुंगळ्यांचा स्वीडिश इतिहास त्याहून बराच जुना आहे आणि तो वाचायचा तर पुंगळी उलटी करून दारू पेटवणाऱ्या प्रायमरभोवतीचे बूड पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शीघ्रमारा करणाऱ्या तोफा आल्या आणि दारू पितळेत बंद झाली. पितळकाम स्वीडनला नवे नव्हते. स्कुल्टुनाचा राजाश्रयी कारखाना १६०७ पासूनचा. तोफ ओतणारा एक, पुंगळी ओढणारा दुसरा, दारू भरणारा तिसरा असू शकतो, म्हणून एकाच बुडावर अनेक हातांच्या खुणा सापडतात. छोटा मुकुट दिसला तर तो सरकारी मालाचा किंवा तपासणीचा, कारखान्याचा नव्हे. आकड्यांतही असाच घोटाळा होतो. स्वीडिश लष्कर शस्त्राला ते स्वीकारल्याच्या सालाचे नाव देते. ‘एम/३६’ म्हणजे १९३६ सालची ४० मिमी विमानवेधी तोफ. तो आकडा पुंगळीच्या घडणीचे साल मानला की पुढची सगळी ओळख चुकते.

खरी गुंतागुंत याच ४० मिमी तोफेची. स्वीडिश नौदलाने १९२८ मध्ये बोफोर्सला काम दिले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेतही ही तोफ व तिचा दारूगोळा प्रचंड संख्येने तयार झाला. म्हणून बाजारात ‘बोफोर्सची’ म्हणून येणारी पुंगळी बहुधा स्वीडिश नसते. अमेरिकन पितळी पुंगळीवर ‘एम२५’, पोलादीवर ‘एम२५बी१’ असते. ब्रिटिश मालावर बाणाची खूण. आधी लांबी मोजावी: ३११ मिमी असेल तर ती जुन्या एल/६० तोफेची, ३६५ मिमी असेल तर युद्धानंतरच्या एल/७० तोफेची. ठसे त्यानंतर.

माझे ठाम मत आहे की या ठशांचे सर्वाधिक नुकसान पॉलिशने केले. फुलदाणी म्हणून वर्षानुवर्षे घासलेल्या पुंगळीवरचे उथळ शिक्के आधी जातात, आणि तपासनिसाची अक्षरे बहुधा उथळच असतात. बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढला तर अर्धवट मुकुटही वर येतो. प्रायमर न फुटलेला वाटला, तर मात्र पुंगळीला हात न लावता पोलिसांना कळवावे.