तापीचा गाळ आणि रिळाचे तेल

तापीवर हतनूर धरणाच्या फुगवट्यापासून खाली सुलवाडे बॅरेजपर्यंत मासेमारी चालते ती मुख्यतः जाळ्यांनी. जाळे, होडी आणि संस्थेचा परवाना एवढे सगळे जमवणे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरील तरुणांना परवडत नाही. यावल, चोपडा, शिरपूर भागातले भिल्ल आणि पावरा भाऊ त्यामुळे काठावरून गळ टाकतात. बांबूची काठी, नाहीतर रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, एवढेच साधन. (उपासनेत आपण जाळ्यांविषयी पुष्कळ ऐकतो. गळाचा उल्लेख शुभवर्तमानांत एकदाच आहे, मत्तयाच्या 17 व्या अध्यायात, आणि तो पेत्रासाठी.) ऊसतोडीहून परतल्यावर आणि पेरणीच्या आधी हाताला काम नसते. तेव्हा संध्याकाळी मिळालेली दोन मरळ घरच्या कालवणाला होतात, उरली तर बाजाराला जातात.

अलीकडे या तरुणांच्या हातात रीळ दिसू लागले आहे. रिळामुळे गळ लांब, खोल पाण्यात पडतो आणि मोठा मासा दमवून काठाला आणता येतो. साधे रीळही चार-पाच दिवसांची मजुरी खाते, आणि निगा नसेल तर एका हंगामात जाम होते. आपल्यापैकी काहींनी विचारले आहे की घरात रीळ पडून आहे, पाठवू का? अवश्य पाठवा. पण आधी हे वाचा. पाठवणारा आणि वापरणारा, दोघांनाही हे माहीत असायला हवे.

रिळाच्या पोटात एक मोठे दातेरी चाक असते आणि त्याला अडकलेले एक छोटे. हँडल एकदा फिरवले की पुढचा भाग साधारण पाच वेळा फिरून तंगूस गुंडाळतो. रिळावर 5.2:1 असा आकडा दिसतो तो हाच. दात्यांवर दाब जास्त, म्हणून तिथे ग्रीस लागते. बेअरिंग, हँडलचा सांधा आणि तंगूस ज्यावरून सरकतो ती बारीक चकती हलकी फिरायला हवी, म्हणून तिथे पातळ तेल. हे उलटे झाले की बिघडले. दात्यांवर नुसते तेल सोडले तर ते ओघळून जाते, आणि बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबले तर थंडीच्या पहाटे हँडल जड होते.

शिलाई मशीनचे तेल चालते, प्रत्येक ठिकाणी एक थेंब. खोबरेल किंवा गोडेतेल नको. ते काही दिवसांत चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. गंज सोडवायला जो फवारा मिळतो तोही वंगण म्हणून वापरू नये, कारण तो आतले ग्रीसच धुऊन काढतो. ग्रीस मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. बोटाच्या टोकावर मावेल एवढे पुरे. जास्त भरल्याने जास्त टिकते असा आपल्याकडे समज आहे, तो चुकीचा आहे.

समुद्रावर रिळाचा शत्रू मीठ, आपल्याकडे गाळ. पूर्णा काळ्या मातीतून वाहत येऊन चांगदेवपाशी तापीला मिळते आणि तिचा गाळ हतनूरला साचतो. तो पिठासारखा बारीक असतो. आतल्या ग्रीसमध्ये मिसळला की कानशीसारखा दाते घासत राहतो. त्यामुळे रीळ रेतीवर टेकवायचे नाही. काठी झाडाला किंवा दगडाला उभी करावी. घरी आल्यावर ब्रेकचा खटका घट्ट करून रिळावर तांब्याने हळू पाणी ओतावे आणि फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. बादलीत बुडवू नये, नळाचा जोरदार फवारा मारू नये. त्याने गाळ आत ढकलला जातो. वाळल्यावर ब्रेक पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर त्यातल्या चकत्या दबून चपट्या होतात. या चकत्यांना तेल लागू द्यायचे नाही. तेलकट ब्रेक एक तर घसरतो, नाहीतर झटके देत सुटतो, आणि त्या झटक्याला कटला तंगूस तोडून जातो.

ब्रेक किती घट्ट ठेवायचा हा प्रश्न पाड्यावर नेहमी निघतो. तंगूस जेवढे वजन पेलतो त्याच्या चौथ्या हिश्श्यावर ब्रेक सुटायला हवा. चार किलोचा तंगूस असेल तर एक किलो. वजनकाटा नको. एक लिटरची बाटली पाण्याने भरली की ती साधारण एक किलो भरते. ती तंगुसाला बांधून उचलावी. बाटली जेमतेम उचलली जाऊन तंगूस सावकाश सुटू लागला की ब्रेक बरोबर लागला.

मासा ओढत असताना आणि ब्रेक सुटत असताना हँडल फिरवत राहू नये. तंगूस येत तर नाहीच, उलट प्रत्येक फेरीला त्याला पाच पीळ पडतात. काठी उचलून मासा ओढावा, मग काठी खाली नेताना गुंडाळावे. तारेची कडी हाताने बंद करावी, हँडलच्या झटक्याने नको. फिरकी काठोकाठ भरू नये. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवावी, नाहीतर गळ फेकताना वेटोळी सुटून गुंता होतो.

नायलॉनचा तंगूस उन्हाने कमकुवत होतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा रीळ पत्र्याखाली टांगून ठेवणे म्हणजे तंगूस वाया घालवणे. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. पुढचे दोन-तीन मीटर खरखरीत लागले की कापून टाकावेत, पण काठावर नव्हे. हतनूरला हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात आणि त्यांच्या पायांत तो गुंततो. बारीक तुकडे करून घरी आणावेत.

आता पाठवणाऱ्यांसाठी. मागे आलेल्या खोक्यातली बरीच रिळे समुद्रावर वापरलेली होती. बाहेरून चकचकीत, आत मीठ धरून दाते खाल्लेले. पाठवण्याआधी हँडल सावकाश फिरवून पाहा. कर्रकर्र आवाज आला किंवा एका जागी अडखळले तर बाजूचे झाकण उघडा. निघालेले स्क्रू आणि पातळ चकत्या क्रमाने ताटलीत मांडा आणि उघडताना मोबाईलवर फोटो काढत जा. जुने ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, पेट्रोल नको. प्लास्टिकचे भाग त्याने खराब होतात. दाते झिजलेले असतील तर ते रीळ पाठवू नका, त्याचा सुट्टा भाग आमच्याकडे मिळत नाही. चांगले असेल तर खोक्यात तेलाची छोटी बाटली आणि फुलीच्या तोंडाचा बारीक पेचकस जरूर ठेवा. ग्रीस चोपड्यात मिळते. तो पेचकस पाड्यावर कोणाकडे नसतो, आणि मग स्क्रू सुरीच्या टोकाने उघडले जातात.