सराव तुटला, आता 21 किलोमीटर?

बहरीनमध्ये सराव मोडायला निमित्त शोधावं लागत नाही: शिफ्ट बदलते, गणपतीला गावी जायचं असतं, नाहीतर ऑगस्टचा दमट उकाडा आहेच. मग केलेली मेहनत पाण्यात गेली का? तितकी नाही. 1984 साली एडवर्ड कॉयल यांच्या अभ्यासात कसलेल्या खेळाडूंची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता 21 दिवसांच्या खंडानंतर 7 टक्क्यांनी घटली, 56 दिवसांनी 16. आधी आटतो तो रक्तातला द्रव. हृदयाच्या ठोक्यागणिक कमी रक्त पुढे जातं, म्हणून नेहमीच्याच वेगाला धाप लागते. स्नायूंमधल्या केशवाहिन्या मात्र बऱ्याच टिकतात. बुडालेले किलोमीटर एका आठवड्यात भरून काढायचा हट्ट नको, पोटऱ्या व्याजासकट वसुली करतात. शर्यतीत पहिले 10 किलोमीटर गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने काढा.