कतारगाममधला तळमजल्याचा कोबा: फोडण्याआधी हे वाचा

सुरतची जमीन बरीचशी काळी, चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कतारगाम तर तापीकाठचंच. त्यामुळे तळमजल्याची फरशी पोकळ वाजू लागली, तर दोष बहुधा फरशीचा नसून खालच्या भरावाचा असतो. नुसत्या टाइल्स बदलणं म्हणजे पैसे पाण्यात!

आधी ओल तपासा. उघड्या कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान 16 तास ठेवा. खाली दव जमलं, तर ओल जमिनीतून येतेय.

कोबा फोडलाच, तर काळी माती शक्य तितकी काढून मुरूम भरा, तोही थराथराने, पाणी मारून धुमसत. मग दगडी सोलिंग, जाड प्लास्टिक आणि वर साधारण 4 इंच काँक्रीट. प्लास्टिकवर खर्च नगण्य, पण मिस्त्री नेमकं तेच गाळतात. भिंतींच्या कडेला फट सोडायला सांगा.

दुकानात हल्ली बहुतेक पीपीसी सिमेंटच मिळतं. त्याला आयएस 456 प्रमाणे किमान 10 दिवस पाणी हवं. दोन दिवसांत फरशी बसवून देणाऱ्याला सरळ नकार द्या.