प्लग आवळायचा, पण किती?

"घट्ट आवळ रे!" असे मराठीत सांगितले काय किंवा "बिगी माडु!" असे कन्नडमध्ये सांगितले काय, ऐकणाऱ्याला त्यातून माप काही कळत नाही. अंदाज मात्र दोन्ही भाषांच्या घरात सारखाच नांदतो. आपण 'अंदाज' म्हणतो, कन्नड शेजारी 'अंदाजु' म्हणतो. आमटीत मीठ अंदाजाने पडते आणि चुकले तर उद्याच्या आमटीत सुधारता येते. गाडीच्या स्पार्क प्लगचे तसे नाही. तिथे अंदाज चुकला तर शे-दीडशे रुपयांच्या प्लगपायी काही हजारांचे इंजिन हेड जायबंदी होते.

खानापूर, निपाणी, चंदगडकडून बेळगावला कॉलेजसाठी रोज दुचाकीवर येणारी मुले-मुली कमी नाहीत. त्यांच्यासाठी गाडी बंद पडणे म्हणजे एखादा तास, कधी एखादा पेपर हुकणे. अलीकडे मोबाईलवर पाहून प्लग घरीच बदलण्याकडे या मुलांचा कल आहे. हे स्वावलंबन कौतुकाचेच. फक्त त्याला मापाची जोड हवी आणि ते माप देणारे हत्यार म्हणजे टॉर्क पाना. तो महागडाच हवा का? नाही. पण स्वस्तातला निवडताना काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतात.

सैल आणि घट्ट, दोन्ही वाईट

प्लग सैल राहिला तर सिलिंडरमधला दाब त्याच्या बाजूने निसटतो. शिवाय प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, तो अती तापतो आणि इंजिनालाही त्याची झळ बसते. उलट जादा आवळला तर प्लगचे आटे ताणले जातात, आतल्या चिनी मातीला तडा जातो, कधी प्लग मोडून अर्धा आतच राहतो. दुचाकींचे हेड बहुधा अॅल्युमिनियमचे आणि प्लगचे अंग पोलादाचे. या झटापटीत आटे जातात ते हेडचे. मग आत नवे आटे बसवा, नाहीतर हेडच बदला.

आवळण्याचे माप न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. अॅल्युमिनियमच्या हेडसाठी साधारण आकडे असे: प्लगच्या आट्यांचा व्यास १० मिलिमीटर असेल तर १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, आणि १४ मिलिमीटरला २५ ते ३०. स्प्लेंडर, अॅक्टिव्हा यांसारख्या गाड्यांचा प्लग १० मिलिमीटरचा असतो, तर जुन्या दोन-स्ट्रोक चेतकचा १४ मिलिमीटरचा. तरीही आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा छापला असेल तोच अखेरचा मानावा.

१२ न्यूटन-मीटर म्हणजे हाताला किती? २० सेंटीमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सहा किलो वजनाइतका जोर. दांडा ४० सेंटीमीटरचा केला की तीनच किलो पुरतात. म्हणजे पाना लांब झाला की मनगटाला काही जाणवायच्या आतच मर्यादा ओलांडलेली असते. गाडीबरोबर मिळणारा प्लग पाना आखूड असतो तो बरा, असे म्हणायचे ते यासाठी.

ज्वारीच्या काट्यावर सोने

दुकानात टॉर्क पाना मागितला की बहुतेक वेळा अर्धा इंच चौकटीचा मोठा पाना पुढे येतो. त्यावर २८ ते २१० न्यूटन-मीटर असा पल्ला लिहिलेला असतो. मोटारीच्या चाकांच्या नटांना तो उत्तम. पण १२ न्यूटन-मीटर त्यावर लावताच येत नाही. लागले असते तरी उपयोग नव्हता, कारण असे पाने त्यांच्या सर्वोच्च आकड्याच्या २० टक्क्यांपासून वरच भरवशाचे मानले जातात. ज्वारीच्या पोत्याच्या काट्यावर कुणी सोने तोलत नाही, तसेच हे.

दुचाकी आणि छोटी मोटार दोन्ही असलेल्या घराला ३/८ इंच चौकटीचा आणि ५ ते ६० न्यूटन-मीटर पल्ल्याचा पाना सोयीचा. १२ चा आकडा त्याच्या २० टक्क्यांच्या रेषेवर बसतो आणि २५-३० तर अगदी मध्यावर. घरात फक्त दुचाकीच असेल तर पाव इंच चौकटीचा, ५ ते २५ चा पाना अधिक नेमका. म्हणून किमतीच्या आधी पल्ला विचारावा.

काटा की 'टक्'?

सर्वांत स्वस्त प्रकार काट्याचा. जोर दिला की दांडा किंचित वाकतो आणि सरळ राहिलेला काटा पट्टीवर आकडा दाखवतो. त्यात बिघडण्यासारखे फारसे नाही, वर्षानुवर्षे टिकतो. मात्र पट्टी सरळ वरूनच पाहावी लागते. तिरके पाहिले की आकडा चुकतो. स्कूटरच्या अडचणीच्या जागेत तर पट्टी दिसतच नाही.

दुसरा प्रकार आवाजाचा. मूठ फिरवून आकडा लावायचा आणि 'टक्' झाले की थांबायचे. कन्नडमध्ये 'साकु' म्हणतात ना, तेच हा पाना सांगत असतो. चांगल्या पान्याची चूक चार टक्क्यांच्या आत असते, आणि तपासणीचा दाखला सोबत मिळत असेल तर उत्तमच. पण कमी जोरावर हा 'टक्' फार हळू असतो. म्हणून आधी एखाद्या जाड बोल्टवर चार वेळा सराव करून हाताला ओळख करून द्यावी. 'टक्' नंतर पुन्हा एकदा खात्रीसाठी ओढायचे नाही. या पान्याने प्लग सोडवायचाही नाही. काम झाले की आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा, म्हणजे आतली स्प्रिंग ताणलेली राहत नाही.

घेताना एकक नीट वाचा. फूट-पौंडाच्या पट्टीवर १२ लावले तर प्रत्यक्षात १६ न्यूटन-मीटरहून जास्त जोर पडतो. जुन्या पुस्तिकांत किलो-मीटर असे एकक असते. तिथला १.२ म्हणजे सुमारे १२ न्यूटन-मीटर.

स्वस्त पान्यावर विश्वास बसत नसेल तर घरीच पडताळा घ्या. पान्याची चौकट शिकंज्यात पकडून दांडा आडवा ठेवा आणि आकडा १२ वर लावा. चौकटीच्या मध्यापासून २४.५ सेंटीमीटरवर, बादलीसकट पाच किलो भरेल इतके पाणी टांगा. हा जोर बरोबर १२ न्यूटन-मीटरचा. दांड्याच्या स्वतःच्या वजनाची थोडी भर पडते, ती ध्यानात धरावी. 'टक्' याच सुमारास झाले तर पाना खरा.

पाना नसेल तर

यातले काही न घेताही भागते. इंजिन पूर्ण थंड असावे. प्लग आधी बोटांनीच फिरवत टेकेपर्यंत बसवावा, म्हणजे आटे वाकडे चढत नाहीत. मग वॉशरवाला नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा फिरवावा. काढून पुन्हा बसवलेल्या प्लगला फेऱ्याचा बारावा भाग, म्हणजे घड्याळाच्या काट्याचा एक तास पुरतो. नेमका कोन प्लगच्या खोक्यावर छापलेला असतो, तो पाहावा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. घसरण वाढली की त्याच आकड्याला प्लग जादा आवळला जातो.

वर्षातून एकदा लागणारी ही वस्तू प्रत्येक घराने घ्यायलाच हवी असेही नाही. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक घेतली तरी चालेल. जुन्या मिस्त्रीच्या मनगटात तीस वर्षांचे माप मुरलेले असते. त्याचा मान त्याला. कॉलेजच्या पोराला तेवढी वर्षे थांबायला सवड नसते. त्याच्या हाती योग्य पल्ल्याचा साधा पाना द्यावा आणि 'टक्' ऐकून थांबायची सवय लावावी.