आमच्या मण्याची कावीळ



माझ्या लेखाचा विषय आहे कुत्र्याची कावीळ. विषय सांगितल्यावर वर्गातली काही मुले हसली. कावीळ माणसाला होते, कुत्र्याला कशी होईल, असे ती म्हणाली. आधी मलाही तसेच वाटायचे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या मण्याला कावीळ झाली. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले आणि गुरुजींनी पुस्तकात बघून जे समजावले, ते मी इथे लिहिते. माझी एक चूक पण लिहिणार आहे.

मण्या आणि चिमी ही एका वेताची पिल्ले. मण्या आमच्याकडे आणि चिमी शेजारच्या काकूंकडे. दोघे पाच महिन्यांचे होते आणि दिवसभर आमच्या परड्यात खेळायचे. बेंदराच्या आधी आठ दिवस मण्या एकदम गप्प झाला. भाकरी टाकली तर नुसता वास घेऊन तोंड फिरवायचा. शेपूट हलवायचा नाही. दोनदा पिवळी उलटी केली. आजी म्हणाली, "पावसाचं वारं लागलं आसंल, हुईल बरा." काका म्हणाला, घरातली तापाची गोळी देऊया. गोळी सापडली नाही. ती सापडली नाही तेच बरे झाले. का ते पुढे सांगते.

तिसऱ्या दिवशी मण्याची लघवी हळदीच्या पाण्यासारखी दिसली. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. आजी म्हणाली, "आरं, ह्याला कावीळ झालीया. उतरवून आणा." पण आबांनी मण्याला पोत्यात गुंडाळले आणि गाडीवरून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. मी पोते धरून मागे बसले होते.

यकृत म्हणजे काय?

डॉक्टरांनी मण्याचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या गुलाबी असायला पाहिजेत, त्या हळद लावल्यासारख्या झाल्या होत्या. ते म्हणाले, "ह्याचं यकृत बिघडलंय."

मी विचारले, यकृत म्हणजे काय? ते म्हणाले, मटणाच्या दुकानात ज्याला काळीज म्हणतात ते. आपण बोलताना "काळीज धडधडतं" म्हणतो, पण धडधडते ते हृदय. दुकानातले तांबूस तपकिरी काळीज म्हणजे यकृत. कुत्र्याचे यकृत छातीच्या मागे, शेवटच्या बरगड्यांच्या आत असते.

यकृताचे काम मला गुऱ्हाळावरून समजले. काहिलीत रस उकळतो तेव्हा गुळव्या भेंडीचे पाणी घालतो आणि वर आलेली मळी काढून टाकतो. मळी काढली नाही तर गूळ काळा होतो. तसेच पोटात गेलेल्या अन्नाचा रस रक्तातून आधी यकृतात जातो. यकृत त्यातले वाईट काढते आणि चांगले साठवून ठेवते. ते पित्त तयार करते, त्यामुळे तेल-तूप पचते. जखमेतले रक्त थांबायला लागणारे पदार्थसुद्धा यकृतच तयार करते.

मग अंग पिवळे का होते? आपल्या रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी रोज मोडतात. त्यातून पिवळा पदार्थ निघतो. यकृत तो पित्तात घालून बाहेर टाकते. यकृत आजारी पडले की तो रक्तातच राहतो आणि डोळे, हिरड्या, कातडी पिवळी दिसते. म्हणजे कावीळ हे आजाराचे नाव नाही, ती खूण आहे. आजार कोणता ते शोधावे लागते.

माझी चूक

डॉक्टरांनी विचारले, "ह्यानं काय खाल्लं होतं?" आबा म्हणाले, "रोजचंच. भाकरी आणि ताक." मी काहीच बोलले नाही.

पण मला माहीत होते. गोठ्याचे कौल फुटून शेंगपेंडीचे पोते भिजले होते. त्या पेंडीला हिरवी बुरशी आली आणि कुबट वास यायला लागला. म्हणून आबांनी ते पोते म्हशीला घालायचे नाही असे ठरवून कोपऱ्यात काढून ठेवले. मी त्यातलीच एक एक मूठ ताकात कालवून दोन्ही पिल्लांना घालत होते. दोघे मिटक्या मारत खायचे. वाया जाण्यापेक्षा बरे, असे मला वाटले. असे मी दोन आठवडे केले.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशीही मार बसेल म्हणून बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आबांना सगळे सांगितले. आबा रागावले नाहीत. त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं. ते पोतं आधी लांब न्या. दुसऱ्या पिल्लाला पण घेऊन या."

आम्ही काकूंकडे पळत गेलो. चिमी कोपऱ्यात पडली होती. तिची विष्ठा डांबरासारखी काळी झाली होती. यकृत काम करत नसले की रक्त थांबत नाही, ते आतल्या आत वाहते. चिमी त्या दिवशी दुपारी दवाखान्यात मेली. मी डॉक्टरांना विचारले, मी आधी सांगितले असते तर ती वाचली असती का? ते म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही बाळ. पण पुढच्या वेळी कुणी विचारलं तर लगेच सांगायचं." म्हणून मी हे भिंतीवर लिहिते आहे.

बुरशीचे विष

गुरुजींनी पुस्तकात बघून सांगितले की १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. टर्की म्हणजे कोंबडीसारखा पण खूप मोठा पक्षी. आधी कारण कळेना. मग कळले की त्यांच्या खाद्यात ब्राझील देशातून आलेली शेंगपेंड होती आणि तिला बुरशी लागली होती. त्या बुरशीचे नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ॲस्परजिलसचा "अ", फ्लेव्हसचा "फ्ला" आणि टॉक्सिन म्हणजे विष.

आपल्या देशात १९७४ साली गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानमधल्या बांसवाडा ह्या जिल्ह्यांतल्या खेड्यांत असेच झाले. मका काढायच्या वेळी पाऊस पडला. मका भिजला, ओलाच साठवला आणि त्याला बुरशी आली. गरीब लोकांकडे दुसरे धान्य नव्हते, म्हणून त्यांनी तोच खाल्ला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले. शंभराहून जास्त माणसे मेली. त्यांच्या घरची कुत्रीसुद्धा तशीच आजारी पडली, कारण कुत्री त्याच मक्याची भाकरी खात होती. म्हणजे माणूस आणि कुत्रा एकाच घरचे खातात, तर आजारही एकच होऊ शकतो.

लहान कुत्र्याला धोका जास्त का, त्याचे मी गणित केले. दवाखान्यात मण्याचे वजन साडेचार किलो भरले. आमची म्हैस साडेचारशे किलोची धरली तर ती मण्याच्या शंभर पट. म्हणजे मण्याला एक मूठ पेंड घातली ती म्हशीला शंभर मुठी घातल्यासारखी. आणि मुळातच कुत्र्याला हे विष लवकर बाधते.

हे विष भाजून किंवा शिजवून जात नाही. वरची बुरशी झटकली तरी विष आत राहते. दुभत्या जनावराने अशी पेंड खाल्ली तर थोडे विष दुधात उतरते आणि ते दूध आपण पितो. म्हणून पालकांना विनंती की बुरशीची पेंड, मका, शेंगदाणे कुणालाच घालू नका. उकिरड्यावर टाकू नका, तिथे कुत्री खातात. खोल खड्डा काढून पुरा.

दुसरी कारणे

डॉक्टर म्हणाले, प्रत्येक कावीळ पेंडीनेच होते असे नाही. त्यांनी ही कारणे सांगितली.

१. उंदराच्या लघवीतून लेप्टो नावाचा रोग होतो. आपल्याकडे उसात उंदीर फार आणि पावसात पाणी साठते. हा रोग माणसालाही होतो. म्हणून आजारी कुत्र्याच्या लघवीला हात लावू नये आणि त्याचे केले की साबणाने हात धुवावेत.

२. गोचिडांमुळे रक्तात जंतू जातात, तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ दिसते.

३. कुत्र्याच्या यकृताला सूज आणणारा एक विषाणू आहे. त्याची लस मिळते. लेप्टोची पण लस मिळते.

४. माणसाच्या गोळ्या. तापाची पॅरासिटामॉल गोळी लहान कुत्र्याला दिली तर त्याचे यकृत बिघडते. काकाला गोळी सापडली नाही ते बरे झाले, ते ह्यासाठी.

५. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज अशा शहरातल्या इवल्याशा कुत्र्यांत काहींच्या रक्ताची नळी जन्मापासूनच चुकीची असते. रक्त यकृतात न जाता बाजूने निघून जाते. अशी पिल्ले वाढत नाहीत आणि जेवल्यावर गरगरल्यासारखी चालतात.

कसे ओळखावे?

खाणे सोडणे, उलटी, सुस्ती, वाळत जाणे ह्या पहिल्या खुणा. त्या दुसऱ्या आजारांतही दिसतात. पण लघवी गडद पिवळी, डोळे आणि हिरड्या पिवळ्या, पोट पाणी भरल्यासारखे फुगलेले, विष्ठा काळी, हिरडीतून रक्त असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. हिरड्या उजेडात बघाव्यात, कारण पिवळ्या दिव्याखाली सगळेच पिवळे दिसते. केसाळ कुत्र्याच्या कानाच्या आत बघावे.

आम्ही काय केले?

पेंडीच्या विषाला उतारा नाही. पण यकृताचा एक मोठा गुण आहे. त्याचा थोडा भाग चांगला राहिला तर ते पुन्हा वाढते. आपण फक्त त्याला वेळ द्यायचा. मण्याला सलाईन लावले आणि इंजेक्शने दिली. रक्त तपासायला कोल्हापूरला पाठवले. यकृताला इजा झाली आहे असे रिपोर्टमध्ये आले. मग घरी यकृताचे पातळ औषध चालू केले.

खाणे दिवसातून पाच वेळा आणि थोडे थोडे. मऊ भात, दही, उकडलेले अंडे. तेल नाही, तळलेले नाही, रस्सा नाही. आपला तांबडा रस्सा कुत्र्याला घालूच नये, त्यातला कांदा-लसूण त्याच्या रक्ताला वाईट. झोपायला कोरडे पोते. पाणी रोज ताजे.

मी एका वहीत रोज लिहीत होते. त्यातले थोडे इथे देते.

पहिला दिवस : काही खाल्ले नाही. उलटी २ वेळा. हिरड्या पिवळ्या.
चौथा दिवस : दोन चमचे दहीभात. लघवी गडद.
नववा दिवस : अर्धे अंडे. हिरड्या थोड्या पिवळ्या.
सोळावा दिवस : हिरड्या गुलाबी. माझी एक चप्पल पळवली.

चप्पल पळवली त्या दिवशी आई पहिल्यांदा मण्यावर ओरडली नाही.

डॉक्टरांनी वही बघितली आणि म्हणाले, ह्याचा खूप उपयोग झाला. कुत्र्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या माणसाने बोलायचे असते.

कावीळ उतरवण्याबद्दल पण मी विचारले. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "गळ्यात माळ घातली तर माळेनं काही बिघडत नाही. पण चार दिवस जातात, तेच बिघडतं. आणि डाग मात्र कधीच द्यायचा नाही, त्यानं जनावर जास्त खचतं." आजीला हे सांगितले. आजी म्हणाली, "मग आधी डाक्टर, मग माळ." आमच्या घरात आता असाच नियम आहे.

मण्या आता नऊ किलोचा झाला आहे. शाळा सुटली की तो फाटकाजवळ उभा असतो, तुम्ही त्याला बघितला असेलच. पावसाळ्यानंतर त्याला लस टोचून आणली. काकूंनी दुसरे पिल्लू अजून आणलेले नाही. आणतील तेव्हा त्याला काय घालायचे आणि काय घालायचे नाही ते मी त्यांना ह्या लेखातून वाचून दाखवणार आहे.

तर मित्रांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. बुरशीचे कुणाला घालू नका. आठवड्यातून एकदा आपल्या कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. आणि डॉक्टरांनी "काय खाल्लं?" असे विचारले की मार बसेल म्हणून गप्प बसू नका. मला मार बसला नाही.

एवढे लिहून मी माझा लेख पूर्ण करते.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी