सहलीचा बेत कसा आखावा



सहल म्हटली की आपल्याला मज्जा आठवते. पण सहल आधी कागदावर करावी लागते. गुरुजी म्हणाले, "डोंगर, धरण आणि जुनं बंदर असा पाच दिवसांचा बेत आखून आणा." मी आखलेला बेत असा आहे.

1) कुठं जायचं?

उगं इकडं तिकडं भटकू नये. सगळ्या ठिकाणांना जोडणारी एक गोष्ट धरावी. मी कोयना नदीचं पाणी धरलं.

कोयना नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तिथं आपल्या बीड जिल्ह्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. तिच्यावर कोयनानगरला मोठं धरण आहे. धरणात अडलेलं पाणी मागं मागं दरीत पसरतं. त्याला फुगवटा म्हणतात, मोठी माणसं बॅकवॉटर म्हणतात. कोयनेच्या या पाण्याला शिवसागर असं नाव आहे. त्याच्यात पुष्कळ गावं बुडाली. तिथल्या लोकांना घरदार सोडून दुसरीकडं जावं लागलं.

आता गंमत बघा. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला जाते. आपल्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरासुद्धा गोदावरीला मिळून पूर्वेलाच जाते. पण शिवसागरातलं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला खाली सोडलं आहे. ते पोफळीला उंचावरून खाली येतं, चक्रं फिरवतं आणि वीज तयार होते. मग ते वाशिष्ठी नदीत जातं. वाशिष्ठी जिथं समुद्राला मिळते तिथं दाभोळ हे जुनं बंदर आहे. म्हणजे डोंगर, फुगवटा आणि बंदर, तिन्हीत एकच पाणी!

2) किती लांब?

मी नकाशावर दोरा ठेवून मोजलं. मोजपट्टी सरळ जाते, रस्ता वाकडा जातो, म्हणून दोरा बरा. तरी घाटात दोराही फसतो. महाबळेश्वर ते पोलादपूर नकाशावर अगदी जवळ दिसतं, पण आंबेनळी घाटानं ते सुमारे 40 किलोमीटर आहे. घाटात गाडी हळू चालते, म्हणून तिथं दुप्पट वेळ धरावा.

3) पाच दिवसांचा बेत

पहिला दिवस : पहाटे पाचला निघणे. पाटोदा, जामखेड, कर्जत, राशीन, भिगवण, बारामती, फलटण, वाई. भिगवणजवळ उजनी धरणाचा फुगवटा दिसतो. मुक्काम वाई.

दुसरा दिवस : पाचगणीवरून क्षेत्र महाबळेश्वर. तिथं पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या तिथं उगम पावतात असं मानतात. मग तापोळ्याला शिवसागरात नावेतून फेरी. मुक्काम महाबळेश्वर.

तिसरा दिवस : प्रतापगड. 10 नोव्हेंबर 1659 रोजी शिवाजी महाराजांनी अफजलखानाला याच गडाच्या पायथ्याशी मारलं. मग घाट उतरून पोलादपूर, खेड, दापोली. मुक्काम दापोली.

चौथा दिवस : दाभोळ. बहामनी राजांच्या काळी हे लई मोठं बंदर होतं. अरबस्तान आणि इराणहून इथं जहाजातून घोडे यायचे. रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात आपल्या देशात आला होता, तो परत जाताना दाभोळहूनच जहाजात बसला. 1508 साली पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. आता तिथून खाडीपलीकडं धोपाव्याला फेरीबोट जाते. तिच्यात माणसं तर बसतातच, गाड्यासुद्धा चढतात! पुढं चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट, कोयनानगर. मुक्काम कराड.

पाचवा दिवस : सातारा, फलटणमार्गे रात्री घरी.

4) पैसे आणि सामान

शाळेच्या सहलीला एसटी सवलतीत गाडी देते. मुक्कामासाठी तिथल्या शाळांच्या खोल्या मागाव्यात. त्यासाठी गुरुजींनी महिनाभर आधी पत्र पाठवावं. पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी. जून महिन्यापासून दर सोमवारी 20 रुपये शाळेत जमा केले तर 16 आठवड्यांत 320 रुपये होतात. तेवढ्यात सहल भागणार नाही, पण एकदम द्यायचं ओझं कमी होईल. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल मिळते, पण ती उसनं फेडण्यातच जाते. म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नये.

घाटात उलटी होते, म्हणून लिंबू आणि आवळासुपारी जवळ ठेवावी. समुद्राला भरती येते, म्हणून गुरुजींना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

5) केव्हा जायचं?

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून शेवटी लिहिली.

पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात. जुलै 2021 मध्ये आंबेनळी घाटाचा रस्ता वाहून गेला होता. उन्हाळ्यात फुगवटा आटतो. मग सगळे म्हणतात, डिसेंबर बरा. थंडी असते, रस्ते चांगले असतात.

पण आमच्या वर्गात 24 मुलं आहेत. दिवाळी झाली की 11 उरतात. बाकीची आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. गेल्या डिसेंबरात शाळेची सहल गेली तेव्हा मी फलटणकडं कोपीवर होतो. परत आल्यावर पोरं सहलीच्या गोष्टी सांगत होती आणि मी गप बसून ऐकत होतो. वर लिहिलेला पहिल्या दिवसाचा रस्ता मला नकाशा न बघता पाठ आहे, कारण तो मी ट्रकमध्ये बसून पाहिला आहे.

म्हणून माझं मत असं की, सहल ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढावी. पाऊस ओसरलेला असतो, शिवसागर भरलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि टोळ्या अजून गावातच असतात. तेव्हा 24 च्या 24 मुलं येऊ शकतात.

आण्णांना बेत वाचून दाखवला. ते म्हणाले, "भिगवणचं पाणी आम्ही दरसाल बघतो, पण गाडी थांबवून कधी बघितलं न्हाई." मी बेतात भिगवणला अर्धा तास थांबा लिहिला आहे.

पालकहो, हा बेत वाचून आपलं मत गुरुजींना जरूर सांगावं.

— इयत्ता चौथी