दुर्बीण व कॅमेरा यांची जोडणी : अ‍ॅडॅप्टरची निवड आणि अंतराचे गणित

बीजसंज्ञा : प्रत्यक्ष नाभी, टी-रिंग, फ्लँज अंतर, कोमा करेक्टर, फोकसरचा पल्ला

प्रस्तावना

महाविद्यालयातील भौतिकशास्त्र विभागाकडे लहान दुर्बीण असणे आता दुर्मीळ राहिलेले नाही. डिजिटल कॅमेराही सहज उपलब्ध होतो. तथापि ही दोन साधने परस्परांना जोडण्याची वेळ आली की अडचणी सुरू होतात. कधी आटे जुळत नाहीत. आटे जुळले तर प्रतिमा स्पष्ट होत नाही. आणि प्रतिमा स्पष्ट झाली तरी कडेचे तारे शेपूट फुटल्यासारखे ओढलेले दिसतात. परिणामी साधने कपाटात पडून राहतात आणि विद्यार्थी निरीक्षणास मुकतात. या तिन्ही अडचणींची कारणे भिन्न असून त्यांचा स्वतंत्रपणे विचार करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात १५० मिमी व्यासाची, ७५० मिमी नाभीय अंतराची (एफ/५) न्यूटनीय परावर्ती दुर्बीण आणि कॅनन ईएफ जोडणीचा, एपीएस-सी संवेदक असलेला डिजिटल एसएलआर कॅमेरा हे उदाहरण घेऊन हे विवेचन केले आहे.

१. प्रत्यक्ष नाभीवरील छायाचित्रण

या पद्धतीत दुर्बिणीची नेत्रिका व कॅमेऱ्याचे भिंग ही दोन्ही काढून ठेवली जातात. दुर्बीण हेच कॅमेऱ्याचे भिंग ठरते आणि तिच्या नाभीय प्रतलावर संवेदक येतो. प्रतिमेचा आकार नाभीय अंतरावर अवलंबून असतो. ७५० मिमी नाभीय अंतरासाठी संवेदकावरील १ मिमी म्हणजे आकाशातील सुमारे २७५ विकला होत. सुमारे अर्धा अंश व्यासाच्या चंद्राची प्रतिमा त्यामुळे ७ मिमीच्या आसपास येते व २२.३ × १४.९ मिमीच्या संवेदकावर सहज मावते.

२. आट्यांची जुळणी

जोडणीचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे टी-रिंग. तिची एक बाजू विशिष्ट कॅमेऱ्याच्या जोडणीत बसते, तर दुसऱ्या बाजूस ४२ मिमी व्यासाचे व ०.७५ मिमी अंतराल असलेले आटे असतात. दुसरा भाग म्हणजे फोकसरमध्ये सरकणारी नळी. तिचा व्यास ३१.७५ मिमी (सव्वा इंच) किंवा ५०.८ मिमी (दोन इंच) असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या स्क्रू-जोडणीच्या कॅमेरा भिंगांचे आटेही ४२ मिमी व्यासाचेच असतात. परंतु त्यांचा अंतराल १ मिमी असतो. असे भिन्न आटे एक-दोन फेरे फिरतात व मग अडकतात. जोर लावल्यास दोन्ही भाग निकामी होण्याचा धोका असतो.

नळीचा व्यास संवेदकाच्या कर्णाशी ताडून पाहावा. एपीएस-सी संवेदकाचा कर्ण सुमारे २७ मिमी असल्याने सव्वा इंची नळीत प्रतिमेचे कोपरे काळवंडतात. ३६ × २४ मिमीच्या पूर्ण आकाराच्या संवेदकाचा कर्ण ४३ मिमीहून अधिक असतो. त्यासाठी ४८ मिमी आट्यांची टी-रिंग व दोन इंची जोडणीच योग्य ठरते.

३. पंचावन्न मिलिमीटरचे गणित

कॅमेऱ्याच्या जोडणीच्या पृष्ठापासून संवेदकापर्यंतच्या अंतरास फ्लँज अंतर म्हणतात. कॅनन ईएफमध्ये ते ४४ मिमी, तर निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी असते. टी-रिंगची जाडी अनुक्रमे ११ व ८.५ मिमी ठेवलेली असल्याने दोन्ही प्रसंगी बेरीज ५५ मिमीच होते. आरसाविरहित कॅमेऱ्यांत फ्लँज अंतर कमी असते : सोनी ई १८, कॅनन आरएफ २० व निकॉन झेड १६ मिमी. तेथे अनुक्रमे ३७, ३५ व ३९ मिमीची भर घालावी लागते. अनेक शीत खगोल-कॅमेऱ्यांत संवेदक १७.५ मिमी आत असतो, तेथे ३७.५ मिमीच्या कड्या लागतात.

एफ/५ च्या अन्वस्तीय आरशामुळे क्षेत्राच्या कडेला कोमा हा दोष ठळक दिसतो. तो कमी करणाऱ्या अनेक करेक्टर भिंगांची रचना त्यांच्या मागील आट्यांच्या खांद्यापासून संवेदक ५५ मिमीवर असेल, असे गृहीत धरून केलेली असते. मात्र हा आकडा सार्वत्रिक नाही. श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणींसाठी प्रचलित असलेल्या एफ/६.३ फोकल रिड्यूसरला सुमारे १०५ मिमी अंतर लागते. म्हणून निर्मात्याने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. करेक्टर व संवेदक यांच्यामध्ये काचेचा फिल्टर असल्यास त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश अंतर वाढवावे. २ मिमीच्या फिल्टरसाठी ५५ ऐवजी सुमारे ५५.७ मिमी धरावे.

४. फोकस आणि अंतर यांतील भेद

फोकस साधला म्हणजे अंतर योग्य आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. फोकसर फिरवल्याने करेक्टर व कॅमेरा एकत्रच सरकतात; त्या दोहोंतील अंतर मात्र तेवढेच राहते. ते केवळ कड्यांनीच बदलता येते. एफ/५ ला फोकसची सहनमर्यादा सुमारे ०.०७ मिमी इतकी सूक्ष्म असते व ती दर रात्री साधावी लागते. करेक्टरचे अंतर मात्र एकदाच, मिलिमीटरच्या अंशापर्यंत, ठरवून ठेवावे लागते.

५. फोकसरचा पल्ला

दृश्य निरीक्षणासाठी बनवलेल्या अनेक न्यूटनीय दुर्बिणींची नाभी नळकांड्याच्या फार बाहेर येत नाही. संवेदक टी-रिंगच्या पुढील कडेपासून ५५ मिमी मागे असल्याने फोकसर पूर्ण आत नेऊनही प्रतिमा अस्पष्टच राहते. अशा वेळी विस्तार-नळी जोडल्यास अडचण वाढते. ठेंगणा फोकसर बसवणे, बार्लो भिंग वापरणे किंवा मुख्य आरसा पुढे सरकवणे हे उपाय आहेत. बार्लोमुळे दृश्यक्षेत्र घटते, तर आरसा सरकवल्यास दुय्यम आरसा अपुरा पडू शकतो. अपवर्ती दुर्बिणीत स्थिती बहुधा उलट असते. तेथे कोनी प्रिझम काढल्यावर फोकसर पुरेसा बाहेर येत नाही आणि विस्तार-नळी उपयोगी ठरते.

६. पडताळणी

ताऱ्यांनी भरलेल्या क्षेत्राचे छायाचित्र घेऊन चारही कोपरे तपासावेत. चारही कोपऱ्यांत तारे सारखेच ओढलेले असतील तर अंतराचा संशय घ्यावा. अर्धा मिलिमीटर जाडीची कडी घालून किंवा काढून पुन्हा छायाचित्र घ्यावे. दोष एकाच बाजूस असेल तर जोडणी तिरपी बसल्याची शक्यता अधिक असते. प्रत्येक वेळी एकच बदल करावा.

निष्कर्ष

जोडणीचा प्रश्न खर्चाचा कमी आणि मोजमापाचा अधिक आहे. खरेदीपूर्वी संवेदकाचा कर्ण, कॅमेऱ्याचे फ्लँज अंतर, करेक्टरचे अपेक्षित अंतर, फोकसरचा आतील पल्ला व आट्यांचा अंतराल या पाच नोंदी कागदावर मांडल्यास चुकीची खरेदी बव्हंशी टळते. व्हर्नियर कॅलिपर प्रयोगशाळेत असतोच. कड्यांची जाडी मोजणे व बेरीज जुळवणे हे काम पदवीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवल्यास भिंगांच्या प्रकरणातील नाभीय अंतर त्यांना प्रत्यक्ष हाताळता येईल आणि विभागातील दुर्बीणही पुन्हा आकाशाकडे वळेल.